नफा अडीचपट, भाव खाली: डीमार्टच्या शंभर शेअर्सचं एक प्रकरण

आधी एवढं सांगून टाकतो की हे कुटुंबाला विचारून लिहितोय, नावं-गावं बदललीत आणि त्यांच्या रकमा थोड्या गोल केल्यात. कंपनीचं, म्हणजे डीमार्टचं, नाव मात्र ठेवलंय, कारण तिचे आकडे सगळ्यांना उघडे आहेत आणि ते काढले तर या प्रकरणात काही उरतच नाही. कंपनी चांगली की वाईट हा इथे मुद्दाच नाही, आणि घ्या किंवा विका असं मी कुणाला सांगतही नाहीये. माझं काम लोकांचे इन्कम टॅक्स रिटर्न भरायचं, त्यामुळे असली प्रकरणं टेबलावर येतात.

पार्श्वभूमी

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायच्या, २०२१ च्या उन्हाळ्यात ५८ पूर्ण झाले आणि रिटायर झाल्या. राहायला डोंबिवली, गाव संगमेश्वर तालुक्यात. नोकरी १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची म्हणून जुनी पेन्शन, म्हणजे महिन्याच्या खर्चाची काळजी नाही. काका, म्हणजे बाईंचे यजमान, प्रायव्हेट कंपनीतून आधीच निवृत्त. मुलगा, त्याला आपण मंदार म्हणू, पुण्यात आयटीत.

ग्रॅच्युइटी, फंड आणि पेन्शन विक्रीचे मिळून साधारण ३२ लाख हातात आले. १५ लाख सीनियर सिटिझन स्कीममध्ये टाकले (तेव्हा मर्यादाच तेवढी होती), १२ लाखांची एफडी केली, आणि उरले पाच. हे पाच लाख गावच्या घरासाठी होते. छप्पर बदलायचं आणि मागे एक खोली वाढवायची, पण घाई नव्हती, २०२६ पर्यंत करू असं ठरलेलं. हे २०२६ साल लक्षात ठेवा, कारण पुढची तीन वर्षं घरात ते कुणाच्याच लक्षात राहिलं नाही.

ऑक्टोबर २०२१ चं वातावरण आठवतंय ना, शेअरबाजाराचा निर्देशांक निफ्टी १८,६०० ला टेकलेला, रिझर्व्ह बँकेचा रेपो दर (ज्या दराने ती बँकांना कर्ज देते तो) चार टक्के, एफडीला साडेपाच मिळाले तरी खूप, आणि ऑफिसमधल्या प्रत्येकाने लॉकडाऊनमध्ये डिमॅट उघडलेलं. मंदार दिवाळीच्या आधी घरी आला आणि म्हणाला, "आई, तू दर महिन्याचं वाणसामान तिथूनच भरतेस, रांगेत अर्धा तास उभी राहतेस, मग त्या दुकानाची मालकीणच हो की." बाईंना पटलं. खरं सांगायचं तर कुणालाही पटलं असतं.

कारण दुकान खरंच तसं आहे. पवईला २००२ मध्ये पहिलं दुकान, संस्थापक राधाकिशन दमाणींची पद्धत म्हणजे शक्यतो जागा भाड्याने न घेता स्वतःच्या मालकीची घ्यायची, माल पुरवणाऱ्याचे पैसे लवकर चुकते करायचे म्हणजे तो स्वस्तात देतो, आणि तो स्वस्तपणा गिऱ्हाइकाला द्यायचा. जाहिरातबाजी जवळपास नाही, कर्ज जवळपास नाही. मार्च २०१७ मध्ये आयपीओ (शेअरची पहिली जाहीर विक्री) आला २९९ रुपयांना आणि पहिल्याच दिवशी भाव दुपटीच्या वर बंद झाला. त्यानंतर साडेचार वर्षांत पाच हजार. म्हणजे मंदारने उगाच कुठलीतरी टीप आणली होती असं अजिबात नाही.

बाईंनी ऑक्टोबरच्या मध्यात १०० शेअर घेतले, सरासरी ५,०५० रुपयांना. ५ लाख ५ हजार. त्याच आठवड्यात भाव ५,९०० च्या जवळ जाऊन आला आणि घरात पेढे आले.

अडचण

पुढच्या सहा-आठ महिन्यांत भाव घसरत घसरत २०२२ च्या मध्याला ३,३०० च्या आसपास आला. तोपर्यंत रिझर्व्ह बँकेने दर वाढवायला सुरुवात केली होती, आणि दर वाढले की ज्या शेअरची सगळी कमाई लांबच्या भविष्यात आहे त्याला पहिला फटका बसतो, कारण दहा वर्षांनी मिळणाऱ्या रुपयाची आजची किंमत कमी होते. ते ठीक, तसं सगळ्यांचंच झालं. पण बाईंना एक गोष्ट कळेना आणि हा प्रश्न त्यांनी मला जवळजवळ शाळेत विचारावा तसा विचारला. "दुकानं वाढतायत, गर्दी वाढतेय, पेपरात नफा वाढल्याचं येतं, मग माझा शेअर का नाही वाढत?"

प्रश्न बरोबर होता. आकडे असे आहेत. २०२०-२१ मध्ये कंपनीची विक्री सुमारे २४ हजार कोटी, नफा सुमारे १,१०० कोटी, दुकानं २३४. २०२४-२५ मध्ये विक्री ५९ हजार कोटींच्या वर, नफा २,७०० कोटी, दुकानं ४१५. विक्रीही जवळपास अडीचपट, नफाही. आणि शेअर? मार्च २०२५ मध्ये चार हजारांच्या आत-बाहेर. धंद्याने जे कबूल केलं ते बऱ्यापैकी केलं आणि बाईंसारख्या शेअरहोल्डरला त्यातलं काहीच मिळालं नाही, उलट वीसेक टक्के गेले.

ग्रोथ स्टॉक म्हणजे काय हे इथेच समजतं. अशी कंपनी नफा वाटत नाही, परत धंद्यात घालते, डीमार्ट तर डिव्हिडंडच देत नाही. म्हणजे तुम्हाला मिळणार ते फक्त भाव वाढला तर. आणि भाव म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार, एका शेअरमागचा नफा आणि त्या नफ्याला लोक किती पट द्यायला तयार आहेत तो आकडा, ज्याला आपण पीई म्हणतो. नफा कंपनीच्या हातात आहे. पट मात्र बाजाराच्या मूडवर, आणि तुम्ही विकत घेता त्या दिवशी ती तुम्ही स्वतः कबूल करता.

बाईंनी किती पट कबूल केली होती? कंपनीचे शेअर साधारण ६५ कोटी, २०२०-२१ चा नफा १,१०० कोटी, म्हणजे शेअरमागे १७ रुपये. ५,०५० भागिले १७. जवळपास ३००. आता कोणी म्हणेल ते वर्ष लॉकडाऊनचं होतं, नफा दबलेला होता, तर कोविडच्या आधीचं वर्ष घ्या, नफा १,३०० कोटी, शेअरमागे २० रुपये, तरी २५० पट होतेच. मार्च २०२५ ला शेअरमागचा नफा ४१-४२ रुपये आणि पीई शंभराच्या जरा खाली. नफा अडीचपट झाला, पट एक तृतीयांश झाली, गुणाकार करून बघा.

काका कोकणातले, त्यांना हे मी एका वाक्यात सांगितलं: व्यापारी मोहोर बघून बागेचा सौदा करतो, पण तो एका हंगामाचा करतो, आपण मोहोर बघून पुढच्या दहा हंगामांचे आंबे आजच रोखीने घेतले. काकांनी फक्त मान हलवली आणि बाईंकडे बघितलं.

भावात किती ग्रोथ आधीच धरलेली होती

हा हिशेब मी त्यांना २०२५ च्या सुरुवातीला करून दाखवला, खरं म्हणजे तो २०२१ च्या ऑक्टोबरात डीमार्टच्या बिलाच्या मागे पेनाने करता आला असता, एवढा सोपा आहे. उलटा करायचा, बास.

समजा तुम्हाला १० वर्षं वर्षाला १२ टक्के हवेत (शेअरची जोखीम घेतल्यावर एवढी अपेक्षा काही फार नाही). म्हणजे ५,०५० चे सुमारे १५,७०० व्हायला पाहिजेत. दहा वर्षांनी कंपनी मोठी झालेली असेल, वाढ मंदावलेली असेल, तरीही लोक तिला ५० पट देतील असं धरू, हे मी उदारपणे धरतोय. मग शेअरमागे नफा लागतो साधारण ३१४ रुपये. कोविडच्या आधीच्या वर्षाचे २० रुपये धरले तर दहा वर्षांत पंधरापटीहून जास्त. म्हणजे दरवर्षी ३२ टक्क्यांच्या आसपास, न चुकता दहा वर्षं.

प्रत्यक्षात काय झालं? कोविडच्या आधीच्या १,३०० कोटींवरून पाच वर्षांत २,७०० कोटी, म्हणजे वर्षाला सुमारे १६ टक्के. किराणा विकणाऱ्या धंद्यात, मधे लॉकडाऊन येऊन गेलेला असताना, हे वाईट अजिबात नाही. फक्त भावात त्याच्या दुप्पट धरलेलं होतं.

हे काही भारतातच किंवा याच कंपनीत घडतं असं नाही. मायक्रोसॉफ्टचा शेअर १९९९ च्या डिसेंबरात जिथे पोचला तिथे परत यायला त्याला साधारण सतरा वर्षं लागली, आणि मधल्या काळात कंपनीचा नफा दुपटीच्या वर गेला होता.

निर्णयाचे टप्पे

पहिला टप्पा २०२२ च्या मध्याचा. मंदारने फोन करून सांगितलं की एफडीतले तीन लाख मोडू आणि ३,३०० ला अजून घेऊ, सरासरी खाली येईल. काका म्हणाले एफडीला हात लावायचा नाही. घेतले नाहीत. आता मागे वळून बघितलं तर त्या भावाला घेणाऱ्याला दोन वर्षांत पन्नास टक्क्यांच्या वर सुटले असते, आणि मंदार हे अजून ऐकवतो. पण त्या दिवशी ३,३०० म्हणजेसुद्धा १४० पटीच्या वर होतं, आणि एका शेअरमध्ये आईच्या रिटायरमेंटचे पाचाचे आठ लाख झाले असते. काकांनी गणित करून नाही म्हटलं नव्हतं, त्यांना शेअरच नको असतात, पण माझ्या मते उत्तर बरोबर आलं होतं.

दुसरा टप्पा, आणि या सगळ्या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो, सप्टेंबर २०२४. भाव परत ५,३००-५,४०० ला आला. तीन वर्षांनी पहिल्यांदा हिरवा आकडा. बाईंना विकावंसं वाटत होतं, त्या म्हणाल्या आपले पैसे सुटले, आता काढून घेऊ. मंदार म्हणाला एवढी वर्षं थांबलो आणि आता तीनशे रुपयांसाठी विकायचं का, मागचा हाय ५,९०० चा आहे, तो तोडू दे, ६,००० ला बघू. ठेवले.

या चर्चेत काय नव्हतं ते बघा. ५,०५० होता, ५,९०० होता, ६,००० होता. कंपनीचा एकही आकडा नव्हता. आणि आकडे तर मे महिन्यातच आले होते, २०२३-२४ मध्ये विक्री १८ टक्क्यांनी वाढली आणि नफा वाढला फक्त साडेसहा टक्क्यांच्या आसपास. विक्री धावतेय आणि नफा चालतोय, याचं कारणही लपलेलं नव्हतं. कपडे, भांडी, प्लास्टिकच्या बादल्या वगैरे जो माल असतो त्यात मार्जिन (विक्रीत नफ्याचं प्रमाण) जास्त, डाळ-तांदळात कमी. कोविडच्या आधी एकूण विक्रीत त्या जास्त मार्जिनवाल्या मालाचा वाटा २७ टक्क्यांच्या आसपास होता, तो घसरत २२ च्या आसपास आला होता. बाई स्वतःच सांगतात की हल्ली मी वरच्या मजल्यावर जातच नाही, खाली किराणा घेऊन निघते. म्हणजे माहिती त्यांच्या पिशवीतच होती!

साडेसहा टक्क्यांनी नफा वाढवणाऱ्या कंपनीला १३० पट भाव मिळत होता, घराच्या कामाला दीड-दोन वर्षं राहिली होती, आणि विकलं असतं तर नफा शंभर शेअरवर २५-३५ हजार, म्हणजे लाँग टर्मच्या (वर्षाहून जास्त ठेवलेल्या शेअरच्या) नफ्याला वर्षाला जी सव्वा लाखाची माफी असते तीत बसत होता, टॅक्स शून्य. विकायला याहून सोपा दिवस आला नसता. आणि हे मी फक्त पुढे भाव पडला म्हणून म्हणत नाहीये, भाव सहा हजार झाला असता तरी २०२६ च्या छपराचे पैसे त्या दिवशी काढणंच योग्य होतं.

पुढे ऑक्टोबरात तिमाहीचे रिझल्ट आले. दोन वर्षांपेक्षा जुन्या दुकानांची विक्री फक्त साडेपाच टक्क्यांनी वाढलेली, आणि कंपनीने स्वतःच मान्य केलं की मोठ्या शहरांतल्या जास्त विक्रीच्या दुकानांवर ऑनलाइन किराण्याचा परिणाम दिसतोय. सोमवारी बाजार उघडला आणि शेअर एका दिवसात आठ टक्क्यांच्या वर पडला. दहा मिनिटांत कांदे-बटाटे दारात आणणारी पोरं डोंबिवलीतही दिसायला लागली होतीच. डिसेंबरपर्यंत भाव ३,६०० च्या आसपास.

तिसरा टप्पा इथून सुरू झाला आणि तेव्हा ते माझ्याकडे आले. जानेवारीत अजून एक बातमी, इतकी वर्षं कंपनी चालवणारे नेव्हिल नरोन्हा वर्षभरात पद सोडणार आणि युनिलिव्हरमधून अंशुल असावा येणार. त्यामुळे घरात अजूनच घालमेल.

पर्याय काय होते

सगळे विकून मोकळं व्हायचं, हे काकांचं मत. तोटा लाखाच्या वर, पण डोक्याचा ताप संपेल. मी विचारलं ताप संपवण्यासाठी विकायचं असेल तर ठीक, पण मग कंपनीबद्दल मत काय, तर काका म्हणाले कंपनीबद्दल मला काही माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचं नाही. मला हे उत्तर प्रामाणिक वाटलं.

काही करायचं नाही, ठेवायचं, हे मंदारचं. त्याची बाजू मी मुद्दाम नीट मांडतो कारण ती पोकळ नव्हती. तो म्हणाला आयपीओच्या दिवशी ६४० ला ज्यांनी "फार महाग, ८० पीई" म्हणून विकला त्यांचं काय झालं? आठ वर्षांत सहापट गेला. आणि हे खरंच आहे. २०१६-१७ चा नफा ४८० कोटी, तेव्हा ८० पटीच्या वर भाव होता, आठ वर्षांत नफा साडेपाचपटीहून जास्त झाला आणि पट जवळपास तशीच राहिली म्हणून भाव सहापट. त्यामुळे नुसता पीई जास्त आहे म्हणून विका असं म्हणणाऱ्याचं ऐकू नका, ग्रोथ स्टॉकमध्ये तसा माणूस दर वेळी चांगली कंपनी स्वस्तात सोडून देतो. पण ८० आणि ३०० यात फरक आहे, आणि तेव्हाची वाढ वर्षाला २४ टक्के होती. तीच कंपनी फेब्रुवारी २०२० मध्ये मोठ्या संस्थांना २,०४९ ने शेअर देत होती, त्यांनाही पाच वर्षांत पैसे जवळपास दुप्पट मिळाले. दुकान एकच, रांग एकच, फक्त आत शिरायचा भाव वेगळा.

सरासरी खाली आणायची हा पर्याय या वेळी मंदारनेही काढला नाही.

शेवटचा पर्याय म्हणजे वाटून टाकायचं, घराचे पैसे काढायचे आणि ज्या पैशांना दहा वर्षं वेळ आहे तेवढेच ठेवायचे. हे दिसायला मध्यममार्गासारखं दिसतं, म्हणजे नवरा-मुलगा दोघांना खूश करायला अर्धे अर्धे, आणि तसं असेल तर मला ते आवडत नाही. म्हणून परत तोच उलटा हिशेब केला, या वेळी ३,९०० वर. शेअरमागे नफा ४१-४२, दहा वर्षांनी ५० पट, १२ टक्के हवेत, तर नफा वर्षाला १९ टक्क्यांनी वाढायला हवा. त्या वर्षाच्या पहिल्या नऊ महिन्यांत वाढ दहाच्या आत होती. पण दुकानं दरवर्षी बारा-चौदा टक्क्यांनी वाढतायत, जुन्या दुकानांची विक्री थोडी जरी सुधारली आणि मार्जिन घसरायचं थांबलं तर १९ अशक्य नाही. कठीण आहे, अशक्य नाही. ३२ अशक्यच होतं. म्हणजे दहा वर्षं थांबू शकणाऱ्याने थोडे ठेवले तर त्याला मूर्ख म्हणता येत नाही, आणि दीड वर्षात छप्पर घालायचंय त्याच्यासाठी हा हिशेबच लागू नाही.

काय केलं

मार्च २०२५ च्या शेवटी ६० शेअर विकले, साधारण ३,९०० ला. २ लाख ३४ हजार आले, शेअरमागे ११५० प्रमाणे ६९ हजारांचा तोटा.

हे पैसे सीनियर सिटिझन स्कीममध्ये टाकू असं बाईंनी सुचवलं, तोपर्यंत मर्यादा ३० लाख झाली होती आणि व्याज तेव्हा ८.२ टक्के होतं. पण ती पाच वर्षांची, वर्षाच्या आत मोडली तर व्याजच मिळत नाही, नंतर मोडली तर दंड. काम २०२६ चं. म्हणून साधी एका वर्षाची एफडी, ज्येष्ठ नागरिक म्हणून सात टक्क्यांच्या थोडं वर.

टॅक्सच्या बाजूने एक बारीक गोष्ट झाली. तो ६९ हजारांचा लाँग टर्म तोटा फक्त लाँग टर्म नफ्यातूनच वजा होतो आणि मुदतीत रिटर्न भरलं तरच पुढची आठ वर्षं ओढता येतो. बाईंच्या एका जुन्या म्युच्युअल फंडात नफा होता, मंदार म्हणाला लगेच तो विकून तोटा वापरून टाकू. थांबवलं. कारण त्या वर्षीचा नफा तसाही सव्वा लाखाच्या माफीत बसत होता, आणि तोटा आधी वजा होतो, माफी नंतर, म्हणजे ज्या नफ्यावर टॅक्स लागणारच नव्हता त्यात तोटा वाया गेला असता. बरेच जण मार्च महिन्यात घाईघाईत नेमकं हेच करतात.

उरलेल्या ४० शेअरसाठी बाईंनी वहीत (शाळेचीच वही, लाल समास आखलेली) तीन ओळी लिहिल्या. वर्षातून एकदा मे महिन्यात रिझल्ट आले की बघायचं, मधे नाही. जुन्या दुकानांची वाढ आणि जास्त मार्जिनवाल्या मालाचा वाटा, हे दोनच आकडे बघायचे. दोन्ही सलग दोन वर्षं घसरले तर विकायचे, भाव काहीही असो. ५,०५० हा आकडा वहीत कुठेच नाही, तो मी लिहू दिला नाही.

पुढे काय झालं

मे मध्ये वार्षिक रिझल्ट आले, विक्री १७ टक्क्यांनी वर, नफा परत साडेसहा-सातच. आणि तरीही भाव वाढला! ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये ४,७०० च्या वर गेला. विकलेल्या ६० शेअरवर ४५-५० हजार सुटले, आणि मंदारने फॅमिली ग्रुपवर नुसता चार्टचा स्क्रीनशॉट टाकला, खाली काहीच न लिहिता. वर्षाच्या शेवटी भाव परत चार हजारांच्या खाली. काकांनी काही टाकलं नाही, त्यांना स्क्रीनशॉट काढता येत नाही.

एकूण हिशेब असा की तेच ५ लाख ५ हजार साडेपाच टक्क्यांच्या एफडीत असते तर मार्च २०२५ ला सहा लाखांच्या पुढे गेले असते, निफ्टीच्या इंडेक्स फंडात (निफ्टीतलेच शेअर त्याच प्रमाणात घेणाऱ्या म्युच्युअल फंडात) टाकले असते तर तेही अगदी टोकाला शिरूनसुद्धा साधारण सव्वा पट, आणि इथे झाले ३ लाख ९० हजार. मागची खोली सध्या रद्द. छप्पर होतंय.

वेगळं काय करता आलं असतं

पैशाला तारीख होती आणि शेअरला नाही, ही गोष्ट पहिल्या दिवशीच अडायला हवी होती. पाचपैकी छपराचे अडीच लाख एफडीत आणि उरलेले अडीच शेअरमध्ये गेले असते तर २०२२ ची घसरण कुणाला टोचलीच नसती, सप्टेंबर २०२४ ची भांडणंही झाली नसती.

हप्त्याहप्त्याने घ्यायला हवं होतं असं मंदार आता म्हणतो. त्याने सरासरी चार हजारांच्या आसपास आली असती, तोटा कमी दिसला असता, हे खरं. पण त्याने मूळ प्रश्न सुटत नाही, ३०० पटीचं एकदम घेण्याऐवजी २००-१५० पटीचं तुकड्यातुकड्याने घेतलं एवढंच.

ओळखीच्या दुकानाचा शेअर घ्यावा हा सल्ला मला अजूनही चुकीचा वाटत नाही, फक्त तो अर्धा आहे. बाईंना दुकान माझ्यापेक्षा आणि कुठल्याही अॅनालिस्टपेक्षा जास्त माहीत होतं. कुठला माल खपतो, कुठल्या मजल्यावर शुकशुकाट असतो, शेजारणी ऑनलाइन कधी वळल्या, सगळं. हे ज्ञान विकत घेताना वापरलं आणि नंतरच्या तीन वर्षांत एकदाही वापरलं नाही, सगळं लक्ष मोबाईलवरच्या भावावर. बिलाच्या मागचा उलटा हिशेब आणि वरच्या मजल्याची गर्दी, एवढं दर मे महिन्यात जुळवलं असतं तर सप्टेंबर २०२४ ला मंदारच्या ६,००० ला उत्तर देता आलं असतं.

मंदार आता एका ऑनलाइन डिलिव्हरीवाल्या कंपनीचा शेअर घ्यायचं म्हणतोय, कारण त्याच्या सोसायटीत दर पाच मिनिटांनी त्यांची गाडी येते. स्वतःच्या पैशाने घेतोय, त्यामुळे माझं काही म्हणणं नाही. बाईंनी त्याला एवढंच विचारलं की दहा वर्षांत शेअरमागे नफा किती लागेल ते काढलंस का. अजून काढलेलं नाही, म्हणतो रविवारी बसतो.